घड्याळांचं एकमत

आमच्या कॉलेजात पूर्वी घड्याळं खूप होती आणि वेळ कुणाकडेच नव्हती. प्राचार्यांच्या खोलीतलं घड्याळ थोडं पुढे, कारण त्यांना वक्तशीर दिसायची हौस. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं त्याहून पुढे, कारण तिथल्या सरांना घरी जायची घाई. ग्रंथालयातलं मागे, आणि ते का मागे हे ग्रंथपालांनाही सांगता येत नसे. माझ्या परीक्षा विभागातलं मी स्वतः पुढे लावून ठेवलेलं. गंमत म्हणजे यात कुणाचीच फसवणूक होत नव्हती. कुठल्या खोलीत किती मिनिटं वजा करायची, कुठे मिळवायची हे आम्हाला तोंडपाठ होतं. नवीन शिपाई आला की त्याला चहाची टपरी आणि घड्याळांचा हिशेब एकाच दिवशी दाखवला जाई.

लातूरचं अर्धं गाव परीक्षांवर जगतं. आमचं कॉलेज वर्षभर कुठल्या ना कुठल्या परीक्षेचं केंद्र असतं, आणि परीक्षेच्या दिवशी ठरल्या वेळेला गेट बंद होतं म्हणजे होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परीक्षेला गेटवरच्या घड्याळात वेळ झाली आणि आतल्या पोर्चमधल्या घड्याळात अजून व्हायची होती. आमच्या वॉचमनने, किशनरावांनी, गेट लावून टाकलं. बाहेर राहिलेल्या पोरांच्या आईबापांना जाळीतून आतलं घड्याळ दिसत होतं. मग काय, शिव्या, ढकलाढकली, ऑफिसच्या खिडकीला एक दगड. शेवटी गेट उघडावं लागलं आणि पोरं धावत आत गेली.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव मन्मथअप्पा लालबुंद होऊन मीटिंगला आले. त्यांनी दोन हुकूम दिले. एक, सगळ्या इमारतीत एकच वेळ दाखवणारी यंत्रणा बसवायची. दोन, इथून पुढे गेट फक्त गेटवरच्या घड्याळाप्रमाणे बंद होईल, कुणाच्या मनगटाकडे नाही की मोबाईलकडे नाही. हे सगळं कशासाठी, तर आपल्या घड्याळापायी एकही लेकरू गेटबाहेर राहू नये म्हणून. हे अप्पांचेच शब्द आहेत, मी पदरचं काही घालत नाही.

या यंत्रणेसाठी म्हणून आनंदराज सोनकांबळे आमच्याकडे आला. लोहा गावचा, नांदेडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, नंतर शाळा-कॉलेजांतून घंटा आणि घड्याळं बसवणाऱ्या एका कंपनीत वणवण केलेला. नोकरी कंत्राटी, पण ऐट कायमस्वरूपी. सडसडीत बांधा, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि कुणी न विचारता समजावून सांगायची वाईट खोड. पहिल्या आठवड्यातच त्याने माझं डोकं खाल्लं. मी हॉलतिकिटांच्या गठ्ठ्यात बुडालेली असताना हा टेबलासमोर उभा राहून म्हणायचा, "मॅडम, एक मिनिट सांगू का?" आणि ते एक मिनिट कधीच एका मिनिटात संपायचं नाही.

पण त्याचं सांगणं समजायचं, हे मात्र कबूल. जिन्याखालची झाडू-फिनेलची खोली रिकामी करून त्याने तिथे मुख्य घड्याळ बसवलं. गच्चीवर वाटीएवढा पांढरा अँटेना. तो उपग्रहाकडून वेळ घेणार, मुख्य घड्याळाला देणार, आणि मुख्य घड्याळ दर मिनिटाला तारेतून एक ठोका सोडणार. ठोका पोचला की खालपासून वरपर्यंत साऱ्या वर्गांतल्या घड्याळांचे काटे एकदम एक घर पुढे. भिंतीवरच्या घड्याळांना स्वतःचं काही चालवायची सोयच नाही.

"त्याला डोकं न्हाई, मॅडम," तो कौतुकाने म्हणाला. "नुस्तं ऐकतंय. म्हणून तर चुकत न्हाई."

लाइट गेली की ही घड्याळं उभी राहायची. मुख्य घड्याळ मात्र बॅटरीवर मिनिटं मोजत बसायचं, आणि लाइट आल्याबरोबर राहिलेले सगळे ठोके एका दमात पाठवायचं. मग साऱ्या कॉलेजभर काटे भिरभिरत पुढे धावायचे आणि बरोबर जागेवर येऊन थांबायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बी.एस्सी.च्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोनकांबळे वर्गाच्या दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नात बापाच्या असतो तसा भाव होता.

"आणि मागे आणायचं असलं तर?" मी एकदा विचारलं.

"मागं येत न्हाई. काटा उलटा फिरत न्हाई ह्याचा. मागं आणायचं म्हणलं तर ठोका बंद करायचा, आन् खरी वेळ येऊन गाठंपर्यंत समद्यांनी हाय तिथं उभं राहायचं."

मी बरं म्हटलं आणि हॉलतिकिटं मोजायला लागले.

आता खरी मजा ऐका. साऱ्या कॉलेजात एकच, तीही खरी वेळ झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉलेज उशिरा यायला लागलं. कारण वजाबाकी कुणी सोडलीच नाही! प्राध्यापक खोलीत नव्या घड्याळाकडे बघून सवयीने पाच मिनिटं वजा करत आणि चहा संपवत बसत. रसायनशास्त्राचे सर दहा वजा करत. घंटा व्हायची, वर्गात पोरं बसलेली, आणि सर अजून जिन्यात. मी स्वतः एकदा प्राचार्यांच्या बैठकीला उशिरा पोचले आणि वर त्यांनाच म्हटलं, "सर, अजून वेळ आहे ना?" सर माझ्याही नंतर आलेले होते, म्हणून निभावलं.

सोनकांबळे वैतागून गेला. खोल्याखोल्यांतून फिरून सांगायचा की हे घड्याळ बरोबर आहे, यातून काही वजा करू नका. लोक मान डोलवायचे. ग्रंथपाल त्याला म्हणाले, "बरोबर आहे हो, पण किती मिनिटं पुढे बरोबर आहे?" त्या दिवशी तो डबा न खाता बसला.

"घरीबी हेच चालू हाय मॅडम," तो म्हणाला. बायको रूपाली नांदेडला एका दवाखान्यात नर्स. हा शनिवारी घरी जायचा, रविवारी रात्रीपर्यंत परत. "आमच्या किचनमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं ठेवलंय तिनं. मी बरोबर केलं, तर तिची ड्यूटी हुकली. आता म्हणती, माझ्या घड्याळाला हात लावायचा न्हाई. कॉलेजची लावत बसा."

"मग लोह्याला आई काय करते?" मी जरा छेडलंच. त्याची आई सरजाबाई अजून दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, हा नको म्हणत असूनही.

"तिच्याजवळ घड्याळच न्हाई," तो रागानेच म्हणाला. "आन् ती कधीच उशिरा जात न्हाई."

तक्रारी शेवटी मन्मथअप्पांपर्यंत गेल्या. इतका खर्च करून बसवलेली घड्याळं, आणि तास वेळेवर सुरू होत नाहीत! अप्पांनी सोनकांबळेला बोलावलं. मी परीक्षेच्या कामासाठी तिथेच बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"सोनकांबळे, तुमचं मशीन चांगलं हाय. फक्त त्याला दहा मिनिटं पुढं करा."

"अप्पा, ते बरोबर वेळ दाखवून राहिलंय."

"मी कुठं न्हाई म्हणतो? म्हणून तर म्हणतो, दहा मिनिटं पुढं करा. माणसं वजा करतात, तर वजा करायला काहीतरी ठेवा की."

"दहा मिनिटं पुढंच ठेवायचं होतं तर उपग्रह कशाला पाहिजे होता अप्पा? बाजारातलं कुठलंबी घड्याळ चाललं असतं."

"उपग्रहाकडून घ्या वेळ. घेऊन त्याच्यात दहा मिळवा. घरी न्हाई का करत आपण समदे?" अप्पा हसत म्हणाले. ते रागावलेले नव्हते, हीच अडचण होती. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हसणाऱ्या सचिवाशी कंत्राटी माणूस काय भांडणार?

सोनकांबळे तरी चिकट. म्हणाला, "बरं, रोज ठेवतो. पण परीक्षेच्या दिवशी खरी वेळ लावू द्या. सकाळी गेट उघडायच्या आधी थोडा वेळ ठोका बंद ठेवला की काम झालं. गेट घड्याळावर बंद होतं, अप्पा. बाहेरगावची लेकरं येतात, त्यांला काय ठाऊक आपलं घड्याळ पुढं हाय म्हणून?"

"अहो, परीक्षेला पोरं आदल्या दिवसापासून लातूरला येऊन बसतात. दहा मिनिटांनी कुणाचं काय अडतंय? आन् रोज पुढं-मागं केलं तर पुन्हा गोंधळ. ज्यासाठी एवढं केलं तेच बिघडायचं. राहू द्या."

बाहेर आल्यावर सोनकांबळे माझ्यामागे माझ्या खोलीपर्यंत आला. "एखादं लेकरू बाहेर राहिलं ना मॅडम, तर ते लेकरू उशिरा आलं म्हणून न्हाई राहणार. आपल्या घड्याळामुळं राहील. आन् ते मी लावलेलं हाय."

मी म्हटलं, काही होत नाही. मनापासून म्हटलं. त्याने दहा मिनिटं मिळवली आणि काय सांगू, कॉलेज सुतासारखं सरळ झालं! सगळे वेळेवर. पूर्वी प्रत्येकाची वजाबाकी वेगळी होती, आता सगळ्यांची एक झाली. अप्पांनी स्नेहसंमेलनात यंत्रणेचं कौतुक केलं, शाल मात्र प्राचार्यांना दिली. सोनकांबळे प्रत्येक परीक्षेच्या आधी अप्पांकडे जायचा, तेच विचारायचा आणि तेच ऐकून परत यायचा. मला त्याचा रागसुद्धा यायला लागला होता. किती वेळा तेच तेच! परीक्षांमागून परीक्षा झाल्या, पोरं खरंच लवकर येत होती, कुणाचंही काही अडलं नाही.

त्या रविवारी नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. सोनकांबळे नांदेडला न जाता थांबला होता. मी वरच्या मजल्यावर संगणक कक्षात पर्यवेक्षकांना बसवत होते. संगणकांची वेळ त्यांची त्यांची असते, तिचा भिंतीवरच्या घड्याळांशी संबंध नाही. व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघून मी मनात दहा वजा केले आणि म्हटलं, अजून गेट बंद व्हायला अवकाश आहे, खाली एक चक्कर मारून येऊ.

खाली आले तर गेट बंद. साखळी, कुलूप, आणि किशनराव खुर्चीवर.

"किशनराव, इतक्या लवकर?"

"लवकर कुठं मॅडम? घड्याळ बघा की."

"अहो, ते दहा मिनिटं पुढे आहे!"

"हाव, हाय की." त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. "मी ड्यूटीला येतो तवा वजा करतो. पण गेटला वजा करा म्हणून मला कुणी सांगितलं न्हाई. घड्याळाप्रमाणं लावायचं, अशी ऑर्डर हाय."

किशनरावही आमच्यासारखे दहा वजा करूनच गेट लावतात, असं मी धरून चालले होते. दरवेळी पोरं लवकर आली होती, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. प्रत्येक परीक्षेला आमचं गेट दहा मिनिटं आधी बंद होत आलं होतं.

"कुणी राहिलं का बाहेर?"

"एक पोरगी आली होती. चाकूरची म्हणाली. घड्याळ दाखवलं, तर काही बोलली न्हाई. असंल तिकडं झेरॉक्सच्या दुकानापाशी."

सोनकांबळे तोवर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "गेट उघडा," तो म्हणाला.

"घड्याळ मागं आलं की उघडतो," किशनराव म्हणाले. "मागच्या वेळी उघडलं तर बोलणी मी खाल्ली. आता जे काय ते घड्याळाला विचारा."

आणि सोनकांबळे जिन्याखालच्या खोलीकडे पळाला! मी ओरडले, "अहो, ते राहू द्या, पोरीला बघा आधी!" पण काटा मागे येत नाही हे त्या गडबडीत तोच विसरला, त्याला वाटलं घड्याळ खरं झालं की गेट आपोआप उघडेल. त्याने ठोका बंद केला. साऱ्या कॉलेजातली घड्याळं जागच्या जागी उभी राहिली. गेटवरचंही उभं राहिलं, गेट बंद होण्याची वेळ टळून गेलेली दाखवत.

किशनरावांनी मान वर करून पाहिलं. "हे तर बंद पडलं. मागं कुठं आलं?"

कपाळ बडवून घ्यावं की हसावं ते कळेना. अप्पांना फोन लावला तर उचलेनात, सकाळची पूजा चाललेली असणार. मी किशनरावांना ऑर्डर कशासाठी काढली होती ते समजावत होते, ते मला ऑर्डर काय होती ते समजावत होते. शेवटी मी त्यांच्या हातातून किल्ली अक्षरशः ओढून घेतली, वयाचा विचार न करता, आणि गेट उघडलं. खऱ्या वेळेप्रमाणे अजून थोडी मिनिटं हातात होती.

झेरॉक्सच्या दुकानापाशी कुणी नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ती प्लास्टिकच्या फाइलवाली ना? ऑटोत बसून स्टँडवर गेली."

सोनकांबळेने स्कूटर काढली, मी मागे बसले. इतक्या वर्षांत मी कुणाच्या स्कूटरवर मागे बसले नव्हते. तो चौकातून कशी गाडी काढत होता ते मी पाहिलंच नाही, मी रस्त्यावरच्या प्रत्येक ऑटोत डोकावत होते. वाटेत कधीतरी गेटची खरी वेळ टळून गेली, ते आम्हा दोघांनाही कळलं; त्यानंतर परीक्षेचा संगणक कुणाची नोंद घेत नाही. तरी तो थांबला नाही आणि मीही थांब म्हटलं नाही.

चाकूरकडे जाणाऱ्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर ती बसली होती. मांडीवर फाइल, फाइलमध्ये वरच हॉलतिकीट. अंजू नाव. सतरा-अठराची असेल. केस नीट विंचरलेले, पायात स्वच्छ धुतलेल्या चपला. घरचं कुणी सोबत नव्हतं. रडत नव्हती, गाडीची वाट बघत होती.

मी तिच्याजवळ बसले आणि कॉलेजातून आले म्हणून सांगितलं. ती पटकन उभी राहिली. आपल्याला आता आणखी काही बोलणी बसणार असं तिला वाटलं असावं.

"तू गेटवर थांबली का नाहीस गं?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच. "भांडायचं होतंस की! मोबाईल दाखवायचा होतास!"

"माझ्या मोबाईलात टाइम होता मॅडम," ती म्हणाली. "वॉचमनकाकांनी घड्याळ दाखवलं. मला वाटलं, तेवढं एकच पुढं असंल. म्हणून जाळीतून आत बघितलं. पोर्चमधलं तेवढंच. आत व्हरांड्यातलंबी तेवढंच. वर एका वर्गाची खिडकी उघडी होती, त्याच्यातलंबी तेवढंच. समदी सारखी, जरासुद्धा फरक न्हाई. मग म्हणलं, एवढ्या मोठ्या कॉलेजातली समदी घड्याळं कशी चुकतील? मोबाईलच खराब असंल. भावाचा जुना हाय."

सोनकांबळे समोर उभा होता. हा माणूस कुणालाही, कुठेही, घड्याळाविषयी समजावून सांगायला तयार असायचा. आता तो खिशातला टेस्टर उगाच काढून पुन्हा आत ठेवत होता.

तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यालाच विचारलं, "न्हाई का? मोबाईल बरोबर होता?"

"हाव," तो म्हणाला. "बरोबर होता."

"म्हंजे मी टाइमावर आले होते?"

"टाइमावर आली होतीस, बाई."

ती पुन्हा बाकावर बसली. आपलीच चूक झाली असं समजून ती इतका वेळ शांत होती. आता तिने फाइल तोंडापुढे धरली आणि रडायला लागली.